पूर्वज पाहिजे

लग्नासाठी स्थळ शोधणारी माणसं आणि घराण्यातला सैनिक पूर्वज शोधणारी माणसं यांच्यात फरक एवढाच, की स्थळ नकार देऊ शकतं आणि पूर्वज देऊ शकत नाही. बाकी अपेक्षा सगळ्या त्याच. मिशा पिळदार हव्यात, हुद्दा मोठा हवा, घोडा स्वतःचा असल्यास प्राधान्य, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हजेरी अनिवार्य. अशा अपेक्षा घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हाताने परत आल्याचं ऐकिवात नाही. मराठी मुलखातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत चार अनोळखी माणसं शेजारी बसवा. जिलबी यायच्या आत त्यांतल्या तिघांचे पूर्वज सरदार निघतात, आणि चौथ्याचे सरसेनापती व्हायचे, पण त्यांचं तेवढं भाऊसाहेबांशी पटलं नाही. या सगळ्यांचं म्हणणं खरं मानून बेरीज केली, तर सदाशिवरावभाऊंच्या छावणीचं चित्र मोठं विलक्षण दिसतं. नजर जाईल तिथवर सरदारच सरदार घोड्यांवर बसलेले आहेत, आणि घोड्यांना दाणा घालायला, तंबूच्या खुंट्या ठोकायला, पाणी भरायला, भाकरी थापायला माणूस म्हणून नाही. ही फौज हरवायला अब्दालीने एवढ्या लांबून यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीने ते काम केलं असतं.

प्रस्तुत लेखकाचा या शोधाला विरोध नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबणाऱ्या माणसाला आपल्या रक्तात घोडदौड आहे असं वाटत असेल, तर ते च्यवनप्राशापेक्षा स्वस्त पडतं आणि त्याने साखरही वाढत नाही. तक्रार एवढीच, की याला आपण शोध म्हणतो. हा शोध नसून निवड आहे, आणि निवड आधीच झालेली असल्यामुळे पुरावा म्हणजे फक्त साखरपुडा. वास्तविक कागद, आकडे, आडनावं, तलवारी आणि पदकं असा जो काही पुरावा हाताशी आहे, तो एका पाटावर मांडला तर त्यातून पंगतीत सांगता येणार नाही असा निष्कर्ष निघतो. आपला फौजेतला पूर्वज बहुधा लढणाऱ्यांपैकी नव्हता. आणि लढणाऱ्यांपैकी असलाच, तर तो वेळेवर निघाला होता. ही शंका घराघरांतल्या चौथीतल्या मुलांना केव्हाच आलेली आहे. त्यांचा इतिहासाचा अभ्यास ताजा असतो.

"आपले खापरपणजोबा पानिपतावर होते, बरं का."

"मग ते परत कसे आले?"

"घोड्यावरून."

"लढाई संपल्यावर?"

"तू आधी दूध पी."

इतिहाससंशोधनाची पद्धत म्हणून ही उलटतपासणी निर्दोष आहे, आणि दूध पाजून तिचं खंडन होत नाही. पहिला पुरावा साध्या गणिताचा. १७६१ पासून आजवर साधारण दोनशे पासष्ट वर्षं झाली, म्हणजे नऊएक पिढ्या. आईवडील दोन, आजीआजोबा चार, पुढे आठ, सोळा असं दुप्पट करत गेलं की नवव्या पायरीवर ५१२ माणसं उभी असतात. यावर कोणी जाणकार आक्षेप घेईल की आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत, त्यामुळे एकच पूर्वज दोन-दोन खुर्च्या अडवून बसलेला असतो. मान्य. त्या जागा वजा करा, तरी काहीशे माणसं उरतात, आणि त्यांतल्या निम्म्या बायका. वंशावळीत मात्र आपण एकाच माणसाला आत घेतो, बापाच्या बापाच्या बापाच्या बापाला, आणि बाकी सगळ्यांना दारात चपलांपाशी उभं करतो. त्या गर्दीत कोणी सावकाराला चुकवत गाव सोडलेला असेल, कोणी मोहिमेची वर्दी येताच पोट धरून अंथरुणात शिरलेला असेल. बांध कोरणारा तर नक्कीच असेल, कारण तो दावा अजून कोर्टात चालू आहे. एवढ्या जमावात एखादा खरोखर पानिपतावर गेला असण्याची शक्यता चांगली आहे, नाही असं नाही. पण तो आपलंच आडनाव लावणारा, आपल्याच गावचा, सरदार आणि पिळदार मिशांचा असावा, हा योगायोग जरा फारच घरच्या पुरोहिताने जुळवल्यासारखा वाटतो.

गणितावर ज्यांचा विश्वास नाही ते कागदांकडे जातात. ही दिशा योग्य, पण वाट बिकट. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागदांचे गठ्ठे ज्या फडक्यात बांधतात तो. कागदांची मोजदाद कोटींत जाते. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या सुमारास त्यांतून निवडक म्हणून जे छापलं त्याचेच ४५ खंड झाले. निवडकाची ही गत, तर न निवडलेलं किती असेल याचा अंदाज करावा. एवढ्या ढिगात आपला माणूस असणारच, या खात्रीने वंशज मोडी वाचणाऱ्याला गाठतो. रुमालाची गाठ सुटते. आत हातकागदाच्या लांबट पट्ट्या, कडा तपकिरी, मध्ये किड्याने कोरलेली नक्षी. मोडी लिहिणारा आधी बोरूने ओळभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं वाळत घालावीत तशी टांगत जाई. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. ऱ्हस्वदीर्घाची पर्वा नाही. तारीखही सरळ नाही. पानिपतचं साल कारकून 'इहिदे सितैन मया व अलफ' असं अरबी अंकांत लिहितो, आणि वंशजाचा चेहरा उजळतो. "हे इहिदे सितैन आमच्या घराण्यातलेच का?" मोडीवाचक सवयीने थंड असतो. तो म्हणतो, ते साल आहे. मग पुढचं वाचन सुरू होतं.

"काय लिहिलंय?"

"हरभरा."

"आणि त्याच्या खाली?"

"परत हरभरा. जरा जास्त."

"तलवारबिलवार काही?"

"दोर आहे. तूप आहे. पखालीची दुरुस्ती आहे."

गंमत अशी की हेच मराठी फौजेचं खरं चित्र आहे. फौज दाण्यावर चाले, पाण्यावर चाले, उधारीवर चाले. पानिपतच्या मोहिमेतली भाऊसाहेबांची पत्रं उघडावीत तर त्यांत गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशांचा आणि रसदेचा तगादा. रणशिंगाच्या अपेक्षेने कान लावावा आणि वाण्याचं बिल ऐकू यावं, तसा प्रकार. त्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं किती तरी जास्त होती, याबद्दल इतिहासकारांत फारसा वाद नाही. यात्रेकरू होते, बायकामुलं होती, व्यापारी, आचारी, मोतद्दार, पखालजी, भोई आणि नुसतेच आलेले. या सगळ्यांना इतिहासाने 'बाजारबुणगे' असा एकच शब्द देऊन मोकळं केलं. आता साधी गोष्ट. फौजेत जर एकामागे दोन-तीन बुणगे असतील, तर आज त्यांचे वंशज सरदारांच्या वंशजांपेक्षा दुपटी-तिपटीने असायला हवेत. ते गेले कुठे? पुण्या-मुंबईत, साताऱ्यात, नागपुरात 'आमचे पूर्वज बुणगे होते' असं छातीवर हात ठेवून सांगणारा एक मनुष्य दाखवावा. एवढी मोठी जमात वंशजांसकट नाहीशी झाल्याचं दुसरं उदाहरण डायनासोरचं.

आक्षेप येतो तो आडनावाचा. आमचं आडनावच सांगतं, असं लोक म्हणतात. सांगतं खरं, पण ऐकायला हवं. फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार, जामदार ही नावं कानाला भारदस्त लागतात, आणि या दरकदारांवाचून मराठी फौजेचं पान हलत नसे हेही खरं. पण त्यांच्या हातात काय असे? सबनिसाच्या हातात हजेरीपट, कारखानिसाच्या हातात कोठाराच्या किल्ल्या, चिटणिसाच्या हातात बोरू, पोतनिसाच्या हातात रोकड. म्हणजे लढाई चालू असताना ही मंडळी तंबूत बसून लढाईचा खर्च लिहीत होती. आज त्यांचे वंशज लेखाविभागात बसून तेच करतात, याला म्हणायची खरी परंपरा. पण तिचा अभिमान कोणालाच नाही. शिलेदार आणि बारगीर या आडनावांची कथा आणखी नाजूक. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसलेला. त्यामुळे शिलेदाराचे वंशज बारगिराच्या वंशजांकडे, स्वतःची गाडी असलेल्याने कंपनीच्या गाडीवाल्याकडे बघावं तसे बघतात. पण स्वतःच्या गाडीवर ओरखडा येऊ नये म्हणून माणूस ती कशी चालवतो, हे आपल्याला माहीत आहे. घोडा पडला की शिलेदाराची चाकरीच पडली. अशा माणसाने घोडा तोफेच्या तोंडी घातला असेल की चिंचेच्या सावलीत, हे ज्याने त्याने हप्ते फेडताना ठरवावं.

बरं, हजेरीपटात नाव सापडलं म्हणून तरी माणूस तिथे होता असं धरायचं का? अकबराच्या काळात मनसबदार मंडळी गणतीच्या दिवशी इकडून तिकडून घोडी आणि माणसं मागून आणत आणि आकडा भरून दाखवत. म्हणून घोड्याला डाग द्यायची आणि स्वाराचा चेहरा, वर्ण, व्रण लिहून ठेवायची पद्धत आली. चेहरेनविशी हा शब्द त्यातलाच. कागदावर लढलेल्या माणसांची ही परंपरा मोठी जुनी आहे, आणि आजही एखाद्या रस्त्याच्या कामावरचा हजेरीपट पाहिला तर तिच्यात खंड पडलेला नाही असं दिसतं. तेव्हा कागदावर पूर्वजाचं नाव सापडून वंशजाच्या डोळ्यांत पाणी येतं त्या क्षणी, तो पूर्वज गावातच हरभरा राखत बसला होता आणि त्याच्या नावावर पगार दुसराच कोणी उचलत होता, हीही शक्यता हिशेबात धरावी लागते.

मग येते तलवार. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर, टीव्हीच्या जरा डावीकडे टांगलेली. तिला घराण्याची तलवार म्हणतात आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं. अशी तलवार भिंतीवरून उतरवून मुठीजवळ नीट पाहावी. गंजाखाली कधीकधी पात्यावर परक्या लिपीतली अक्षरं दिसतात, आणि घरातली मंडळी भवानीमातेचा शिक्का म्हणून त्यांना नमस्कार करतात. वस्तुतः मराठी लढवय्ये ज्या सरळ पात्याच्या तलवारीला 'फिरंग' म्हणत, तिचं नावच सांगतं की पातं फिरंग्यांकडून आलेलं. जर्मनीत, इटलीत पाती घडत, जहाजाने येत, आणि इथे त्यांना आपली मूठ बसत असे. म्हणजे आयात सुटे भाग आणि देशी जुळणी. स्वदेशी बाण्याच्या घरातली ही एकमेव आयात वस्तू, आणि नेमकी तिचीच पूजा. ज्या घरात तलवार नाही तिथे ती पुतण्याच्या लग्नाच्या वेळी जुन्या बाजारातून येते, आणि दोन पिढ्यांत पानिपतावर जाऊन परत येते. वस्तू बोलत नाहीत हा त्यांचा मोठा गुण आहे. त्यांच्या वतीने बोलायला काका असतात.

यावर कोणी म्हणेल, कागद आणि लोखंड सोडा. आमच्या घरात तोंडोतोंडी चालत आलेली हकिकत आहे, ती खोटी कशी असेल? तोंडी परंपरेला लेखकाचा नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावर बसून येतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा सांगतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळींत कोण कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, हे चोख सापडतं. पण या नोंदींची खुबी अशी, की सांगणारा यात्रेकरूच असतो. गोदावरीत तीन बुड्या मारून आलेला माणूस 'आमचे वडील फौजेत पखाली वाहत' असं लिहून ठेवा म्हणणार नाही. तिथे खोटं बोलणार नाही हे खरं, पण खरं बोलण्याचीही सक्ती नाही. आणि ओळख पटण्याच्या बाबतीत आपण किती भरवशाचे आहोत, याचा एक अधिकृत दाखला आहे. पानिपतानंतर सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणून पुढे आला. भाऊसाहेबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. तरीही त्याला मानणारे भेटले, रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर फौजही जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हाही तोच खरा होता असं म्हणणारे उरलेच. पंधरा वर्षांत खुद्द भाऊसाहेब ओळखू न आलेल्या समाजाने अडीचशे वर्षांनंतर तैलचित्रात आपला पूर्वज नाकावरून ओळखावा, म्हणजे नाकाचं कौतुक करावं तेवढं थोडं. तोतयाला निदान स्वतः तोतया व्हायचे कष्ट तरी पडले. आपण घरबसल्या पूर्वजाला तोतया करतो.

पानिपत फार लांबचं, असं म्हणून काही सावध लोक पहिल्या महायुद्धाकडे वळतात. आजोबांचे वडील पलटणीत होते, बसऱ्याला होते, एवढं माहीत असतं. पुरावा जवळचा, म्हणून काम सोपं वाटतं, आणि इथेच खरी भंबेरी उडते. पणजोबा १०३ मध्ये होते की ११७ मध्ये? कारण १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा मराठा पलटणी होत्या, आणि १९२२ साली त्या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. नव्या सुनेचं नाव बदलावं तशी पलटणींची नावं बदलली: १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची एकदम दहावी. या दुसरीला आधीपासूनचं नाव 'काली पांचवी'. पणजोबा काली पांचवीत होते, हे एवढं वाक्य घरात शिल्लक राहिलं तर पुढच्या पिढीची समजूत काय होईल? ते पाचवीपर्यंत शिकले. नापास झाले म्हणून काळी. एका शूर माणसाची कारकीर्द अशी गुणपत्रिकेत जाऊन पडते.

नावांचं तर विचारूच नये. दफ्तरात गणपत शिंदे, जिल्हा सातारा, असा शोध घेतला की गणपत शिंद्यांची एक अख्खी तुकडी दोन पायांवर उभी राहते. शिपायांचे नंबर पलटणवार, म्हणजे एकच नंबर वेगवेगळ्या पलटणींत वेगवेगळ्या माणसांना. वडिलांचं नाव पाहावं तर ते पांडुरंग, आणि गाव पाहावं तर ते वडगाव. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत हे पोस्टमनला विचारावं, आणि तो चिडायच्या आत निघावं. त्यातूनही आपलाच माणूस सापडला, तो कुतच्या वेढ्यात होता असं निघालं (१०३, ११० आणि ११७ या पलटणी तिथे अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली), तर घरात आनंदाऐवजी पंचाईत. शरणागती पंगतीत कशी सांगायची? मग वेढा सांगतात आणि शेवट जिलबीबरोबर गिळतात. ज्यांनी तो वेढा भोगला, घोड्याचं मांस खायचं की उपाशी मरायचं हा प्रश्न ज्यांच्यापुढे ताटात आला, त्यांनी घरी येऊन पुढची चाळीस वर्षं याबद्दल चकार शब्द काढला नसेल. बोलतो तो पणतू. बसऱ्याच्या स्मारकावर तर ज्यांना घरी येऊन गप्प बसायचीही संधी मिळाली नाही, त्या साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. त्यांच्या पणतवंडांनी दगडावर काय शोधायचं?

पण एक पुरावा मात्र खोटं बोलत नाही, आणि तो ट्रंकेच्या तळाशी, विरलेल्या मुंडाशात गुंडाळलेला असतो. ते म्हणजे पदक. पदकाच्या तोंडावर राजाचा मुखवटा असतो आणि घरातले सगळे तेवढाच पाहतात. पाहायची असते ती कड. रुपयाच्या कडेला जशा खाचा असतात तशी या पदकाच्या कडेला बारीक अक्षरं ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चिंचेने घासावी, भिंग लावावं, आणि पदक हळूहळू फिरवत वाचावं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्यांना चांदीचं मिळे, आणि छावणीमागच्या कामकऱ्यांना ब्राँझचं. चांदीची बरीचशी पदकं एखाद्या दुष्काळात सोनाराच्या मुशीत गेली. ब्राँझच्या पदकाला सोनार हात लावीना म्हणून ते टिकलं. त्यामुळे आज घराघरांत उरलेलं पदक पुष्कळदा ब्राँझचं असतं, आणि 'सोन्याचं असावं, पण काळं पडलंय' अशी त्याची ख्याती असते.

"काका, कडेला 'द्राबी' असं लिहिलंय. द्राबी म्हणजे?"

"कमांडोसारखं काही तरी. गुप्त असायचं ते."

"खेचरं हाकणारा, असं दिसतंय. ड्रायव्हरचं द्राबी झालं."

"खेचरं कसली? तोफा ओढणारी असतील. तोफखान्यातच म्हण ना सरळ."

काकांची बढती देण्याची गती कुठल्याही सैन्यात आढळत नाही. पण आकडे काकांचे ऐकत नाहीत. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून साधारण चौदा लाखांवर माणसं भरती झाली, आणि त्यांतली साडेपाच लाखांहून अधिक बिनलढवय्यी होती: द्राबी, भिस्ती, आचारी, डोलीवाले, मोची, धोबी. म्हणजे पाचांतली दोन. पानिपतच्या बुणग्यांनी दीडशे वर्षांत फक्त गणवेश घातला. तेव्हा कडेला 'भिस्ती' वाचून ज्याचा चेहरा पडतो त्याला पानिपतचीच एक हकिकत सांगावी. लढाई मोडल्यावर पाय जायबंदी होऊन पडलेल्या महादजी शिंद्यांना ज्याने उचललं, बैलावर घातलं आणि मुलखाकडे आणलं, तो राणेखान भिस्ती होता. महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदार केलं, आणि दहा वर्षांनी पुन्हा दिल्लीत मराठ्यांचा अंमल बसवला. पुढचं उत्तरेतलं सगळं राजकारण त्या दिवशी एका पाणक्याच्या बैलावरून गेलं. तरीही पाटील, देशमुख, सरदार असे हजार पूर्वज सांगितले जातात, आणि बैल असलेला एकही नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घ्यायला हवा. असं बोलणं म्हणजे रणावर पडलेल्यांचा अपमान नाही का? नाही. उलट रणावर पडलेल्यांना आपल्या पंगतीतून सोडवणं आहे. भाऊसाहेब पडले, विश्वासराव पडले. दोघांचाही वंश पुढे चालला नाही. इब्राहिमखान गारदी पकडला गेला आणि मारला गेला. नाना फडणीस तिथे होते, तरुण होते, निसटले, वेषांतर करून घरी पोहोचले, आणि ते सगळं त्यांनी स्वतः लिहूनही ठेवलं. पुढे अनेक वर्षं राज्याची घडी त्यांनी सांभाळली. मल्हारराव होळकर वेळेवर निघाले, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवणारेही इंदूरच्या घराण्याची सोयरीक नाकारणार नाहीत. सरळ दिसतं की वंश आणि मागे वळून न पाहणं यांचा जवळचा संबंध आहे. कोणी म्हणेल, पडलेल्यांनाही मुलं होती, ती आधीच झालेली होती. हे मात्र खरं, आणि इथे लेखक हार मानतो. पण मग त्या मुलांना वाढवलं कोणी? जिचा नवरा उत्तरेत राहिला, जिने सावकार आणि दीर दोघांनाही तोंड दिलं, तिच्यामुळे वंश चालला, आणि वंशावळीत तिच्या जागी एक टिंबसुद्धा नाही. आणि जे निघाले त्यांना पळाले म्हणायचं नसेल तर आपल्याकडे गनिमी कावा हा शब्द तयारच आहे. आपण इतरांच्या बाबतीत तो उदारपणे वापरतो, स्वतःच्या पणजोबांच्या बाबतीत वापरायला काय हरकत?

मुळात ज्यांच्या घरात खरोखर सैनिक असतात त्यांना हा शोध लागतच नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तिथे 'आमचे पूर्वज फौजेत होते' असं कोणी सांगितलं तर समोरचा 'बरं, मग?' एवढंच विचारेल, कारण फौजेत न गेलेला पूर्वज शोधायचा असेल तर तिथे संशोधन करावं लागतं. आणि जुन्या काळचा मराठा सैनिक म्हणजे तरी कोण? दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा, कारण पेरणी होती. त्याच्या एकाच हाताला लगामाचे आणि नांगराचे घट्टे. लग्नाच्या पत्रिकेत त्याचा घोडा लिहायचा आणि दाखल्याच्या अर्जात नांगर, अशी त्याची फाळणी पुढे आपण केली. त्याला स्वतःला ते दोन वेगळे मनुष्य आहेत याची कल्पना नव्हती.

एवढा सगळा पुरावा पाहता, खंडेनवमीला तलवारीशेजारी आणखी एक वस्तू मांडायला हवी, असं प्रस्तुत लेखकाचं नम्र म्हणणं आहे: पानिपतापासून दख्खनपर्यंत चालून टाचेशी पार झिजलेली एक वहाण. तशी वहाण कोणाच्याच घरात शिल्लक नाही, हे ठाऊक आहे. पण तलवार तरी कुठे होती? जुन्या बाजारात ती मिळेल, तलवारीहून स्वस्त मिळेल, आणि दोन पिढ्यांत तिलाही इतिहास येईल. हा प्रस्ताव मान्य व्हायची आशा लेखकाला नाही. घरातली ज्येष्ठ आजी पाटावरची वहाण पाहून काय म्हणेल हे कुठल्याही मराठी घराला आधीच माहीत आहे.

"ही कुणाची रे इथं?"

"खापरपणजोबांची. पानिपतावरून हिच्यातूनच आले."

"मग दारात काढायला काय झालं होतं त्यांना?"